दंश झाला तर…

मुलांनो, पावसाळा सुरू झाला की घरात, अंगणात आणि शेतात किडे दिसू लागतात. कधी मुंगी चावते, तर कधी मधमाशी डंख मारते. अशा वेळी तुमची दादी किंवा अम्मी काय करते? ती कापलेला कांदा चोळते, तुळशीचा रस लावते किंवा हळदीचा लेप देते. हे उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत.

मुंगी किंवा डास चावला, तर असे उपाय करायला हरकत नाही. कोरफडीच्या गराने गारवा मिळतो आणि आग कमी वाटते. मधमाशी चावली, तर मात्र आधी एक काम करा. तिचा काटा विषाच्या पिशवीसह आपल्या कातडीत राहतो. त्यातून विष शरीरात जात असते. म्हणून तो काटा नखाने लगेच काढून टाका. मग जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा. गांधीलमाशीचा काटा असा राहत नाही. चावल्यावर चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

विंचवाची गोष्ट निराळी आहे. कोकणात लाल विंचू आढळतो. त्याचे विष रक्तात मिसळून हृदयावर परिणाम करते. खूप घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. पूर्वी लोक आघाड्याचे मूळ उगाळून लावत किंवा मांत्रिकाकडे जात. त्यात मोलाचा वेळ जाई आणि कित्येक मुले दगावत.

रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावरचे ‘प्राझोसिन’ हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. या औषधाने अनेकांचे प्राण वाचले. 2022 साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ किताब दिला.

यावरून काय समजले? पाल्याचा रस कातडीला गारवा देईल. पण रक्तात गेलेले विष तो काढू शकत नाही. म्हणून विंचू चावला, तर घरी वेळ घालवू नका. थेट दवाखान्यात जा.

आणि हो, बूट घालण्यापूर्वी झटकून घ्या. अंधारात बत्तीशिवाय फिरू नका. दगड किंवा लाकडे उचलताना आधी नीट पाहा. दंश झाल्यावर उपाय शोधण्यापेक्षा तो टाळणे केव्हाही चांगले!