उन्मादाची चाहूल वेळीच ओळखा

आजारी माणूस म्हटला की अंथरुणाला खिळलेली, म्लान व्यक्ती डोळ्यांपुढे येते. उन्माद या मानसिक विकारात चित्र नेमके उलट असते. रोगी उत्साहाने ओसंडत असतो. त्यामुळे तो आजारी आहे हे घरच्यांच्या व गावाच्या ध्यानी येण्यास विलंब लागतो. तोवर जमिनीचा सौदा, कर्जाचा कागद किंवा नोकरीचा राजीनामा होऊन गेलेला असतो.

उन्माद ही द्विध्रुवीय मनोविकाराची एक अवस्था होय. दुसरी अवस्था खिन्नतेची. या दोहोंच्या दरम्यान अनेक रोगी आपले कामकाज व्यवस्थित करतात.

झोप कमी होणे ही पुष्कळदा पहिली खूण असते. दोन-तीन तासच झोपूनही रोग्यास थकवा जाणवत नाही. बोलणे अखंड व भरधाव होते, एक विषय संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो. आपल्या अंगी अलौकिक सामर्थ्य आल्याचे त्यास वाटते. उधळपट्टी वाढते, कोणी अडविल्यास संताप अनावर होतो. अशी लक्षणे आठवडाभर टिकल्यास, किंवा त्याआधीच धोका दिसू लागल्यास, मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

अशा वेळी रोग्याशी वाद घालू नये. थोडक्या व शांत शब्दांत बोलावे. गोंगाट व पाहुण्यांची वर्दळ कमी करावी, रात्री चहा-कॉफी देऊ नये, मद्यापासून त्यास दूर ठेवावे. मोठे व्यवहार पुढे ढकलण्यास त्याचे मन वळवावे.

या विकारावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. उन्मादावरील लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. ते औषध आजही वापरात आहे. मात्र ते घेताना नियमित रक्ततपासणी आवश्यक असते. बरे वाटू लागले म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. विकार उलटण्याचा संभव असतो.

उन्माद ही बाहेरची बाधा नव्हे. रोग्यास साखळदंडाने बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनाई आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 'टेलि-मानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनामूल्य सल्ला मिळतो.

गावात शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला मान असतो. एखाद्याच्या वागण्यातील असा बदल दिसताच त्यांनी कुटुंबास विश्वासात घेऊन रुग्णालयाची वाट दाखविली, तर एक संसार उद्ध्वस्त होण्यापासून वाचू शकेल.