औषधाचे नाव आणि औषधाचे मोल



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने औषधांच्या खर्चाचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु शाळेने आपणांस सर्वप्रथम जे शिकविले ते वाचणे. आणि उतारवयात औषधांवर जो पैसा अकारण जातो, त्यातील बराचसा नीट न वाचल्यामुळे जातो, असे माझे मत आहे. तेव्हा मी माझ्या विषयाबाहेर फारसा गेलेलो नाही.

आमच्या वयाचे आजार बहुधा बरे करावयाचे नसतात, सांभाळावयाचे असतात. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी आज घेतली तरी उद्या चुकत नाही. ज्यांना निवृत्तिवेतन आहे त्यांचे कसेबसे निभते. परसवाड्याच्या परिसरातील शेतकरी किंवा मजूर वृद्धाच्या घरी मात्र हात आखडला की रोजची गोळी दिवसाआड होते आणि पुढे बंदच पडते. घरच्यांवर भार नको म्हणून म्हातारा बोलत नाही. मग एके दिवशी पक्षाघात होतो, आणि वाचविलेल्या रुपयांच्या शेकडो पट खर्च त्याच घरावर येऊन पडतो.

अशा वेळी ‘आपल्याकडे आयुष्मान कार्ड आहे ना!’ असे म्हटले जाते. या कार्डाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले. त्यांना ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ मिळते. ज्यांचे कुटुंब पूर्वीच या योजनेत होते, त्यांच्या घरातील अशा वृद्धांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांचे स्वतंत्र संरक्षण आहे. घरात दोघे असतील तर ते दोघांत मिळून. हे कार्ड राज्याच्या सीमेवर अडत नाही. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. परंतु आयुष्मान कार्ड योजनेत समाविष्ट असलेल्या गोंदिया-नागपूरच्या रुग्णालयांतही चालते. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे ठाऊक असावे. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

तथापि हे संरक्षण खाटेचे आहे, रोजच्या गोळीचे नव्हे. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी पाठविल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या अवधीतील औषधे त्यात येतात. सोळाव्या दिवसापासूनची गोळी आपल्या खिशातून. बहुतेक खासगी आरोग्य विम्यांचीही रीत थोड्याफार फरकाने हीच.

रोजच्या गोळीसाठी पहिली वाट शासकीय आरोग्य केंद्राची. मध्य प्रदेशात शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य औषधे देण्याची योजना २०१२ पासून आहे, आणि रक्तदाब व मधुमेह यांची नेहमीची औषधे त्यांत मोडतात. तेथे एकदा नाव नोंदवून दरमहा जाण्याचा नेम ठेवावा.

दुसरी वाट वाचनाची. प्रत्येक औषधाला दोन नावे असतात: एक त्या द्रव्याचे मूळ नाव, दुसरे कंपनीने विक्रीसाठी ठेवलेले. अमरकोशात एकाच वस्तूला अनेक पर्याय दिलेले असतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी. टेल्मिसार्टन हे द्रव्य एकच, परंतु ते पुष्कळ नावांनी व पुष्कळ भावांनी विकले जाते. केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या जनऔषधी दुकानांत मूळ नावाने औषध मिळते, आणि तेथील किंमत बाजारातील पहिल्या तीन नामांकित औषधांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक ठेवीत नाहीत. ‘स्वस्त ते हलके’ ही समजूत येथे लावू नये. प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. जवळचे केंद्र कोठे आहे, हे नातवंडांकरवी ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर पाहून घ्यावे.

येथे एक अडचण येते. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल, तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध परस्पर देण्याची दुकानदाराला कायद्याने मुभा नाही. म्हणून विनंती डॉक्टरांनाच करावयाची: ‘डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्याल का?’ असे विचारण्यात त्यांचा अवमान नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या नियमांत तसे स्पष्टच म्हटले होते.

मूळ नाव ओळखण्याचा लाभ केवळ पैशांचा नाही. माझ्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांनी दोन गावांच्या दोन डॉक्टरांकडून औषधे घेतली होती. पिशवीतील दोन पाकिटांवरची मोठी नावे निराळी, आणि दोन्हींच्या आतले द्रव्य एकच! ते दुप्पट मात्रा घेत होते आणि उठताना येणारी भोवळ वयाची समजत होते.

आता सावधगिरीचे चार शब्द. नाव जुळले तरी मात्रा जुळली पाहिजे, आणि गोळीचा प्रकारही. हळूहळू विरघळणारी मेटफॉर्मिन आणि साधी मेटफॉर्मिन यांत भेद आहे. अपस्मार, थायरॉइड आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्यावाचून कंपनीही बदलू नये. गोळी अर्धी करणे अथवा सोडून देणे ही काटकसर नव्हे. आणि छापील किमतीत सर्व कर आलेले असतात; त्याहून अधिक कोणी मागितल्यास देऊ नये.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण नागपूर-रायपूरला असता आणि सणावारी गावी येता. पुढच्या खेपेस आईवडिलांची औषधांची पिशवी चटईवर रिकामी करा. प्रत्येक पाकिटावरचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि मुदत एका कागदावर मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहा. तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि कोणती औषधे अजून हवीत, कोणती नकोत, हे त्यांना विचारा. मग शेजारच्या ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथेही जा. या शाळेने दिलेल्या अक्षरांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.