फडके कोणते? क्रांतिकारक, गायक की नाट्यगृह?

यूट्यूबवर नुसतं ‘फडके’ शोधलं तर उत्तरं किती असू शकतात? वासुदेव बळवंत, सुधीर फडके, ना. सी. फडके, डोंबिवलीचा फडके रोड, शिवाय आपलं पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह! माणसाला बोलण्याच्या ओघात कळतं की विषय कुणाचा चाललाय. यंत्राला ते सांगावं लागतं, तेही ठरलेल्या रकान्यांत. या रकान्यांतल्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. पनवेलच्या प्रत्येक नाट्यमंडळानं, शाळेनं आणि ट्रेकिंग ग्रुपनं हे रकाने भरायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. चांगलं रेकॉर्डिंग केवळ नाव-गाव न लिहिल्यामुळे कुणाला सापडू नये, याचं फार वाईट वाटतं.

आता शिरढोणचंच बघा. वासुदेव बळवंतांचं हे जन्मगाव पनवेल तालुक्यात, पण शिरढोण सांगली जिल्ह्यातही आहे आणि कोल्हापुरातही. व्हिडिओच्या शीर्षकात ‘शिरढोणची सहल’ एवढंच असेल तर कोणतं शिरढोण समजायचं? रकान्यांत मात्र सगळं सुटं-सुटं येतं. व्यक्ती: वासुदेव बळवंत फडके. जन्म: १८४५-११-०४. मृत्यू: १८८३-०२-१७, एडन. स्थळ: शिरढोण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. तारीख अशी उलटी का? आधी वर्ष, मग महिना, मग दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम आहे. ०४/११ लिहिलंत तर आपण ४ नोव्हेंबर वाचू आणि अमेरिकेतला माणूस ११ एप्रिल!

हे रकाने ठरवले कुणी? एकमेकांशी हाडवैर असलेल्या कंपन्यांनी. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू एकत्र आले आणि ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नावाचा सामायिक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी रशियाचं यांडेक्सही सामील झालं. स्वतःच्या वेबसाइटवर व्हिडिओ टाकणाऱ्याकडून गूगल सक्तीनं मागतं त्या फक्त तीन गोष्टी: नाव, थंबनेल आणि अपलोडची तारीख. वर्णन आणि लांबी ऐच्छिक, पण भराच. लांबी लिहायची रीत गमतीची आहे. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, प्राणिसंग्रहालयातला, जेमतेम १९ सेकंदांचा. त्याची लांबी यंत्राच्या भाषेत होते पी, टी, मग १९, मग एस. पी म्हणजे कालावधी, टी म्हणजे आता तास-मिनिटं-सेकंद सुरू, एस म्हणजे सेकंद.

आणि मेटाडेटा कंप्युटरच्या आधीपासून आहे बरं का. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव घोषित केलं, कारण तबकड्या निघायच्या होत्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर कुणाचं नाव छापायचं ते कळायला हवं होतं. पुढे १९९६ मध्ये एमपी३ फाइलला आयडी३ टॅग चिकटला, तोही योगायोगानं शेवटीच: फाइलच्या शेपटाला १२८ बाइट. त्यात गाण्याच्या नावाला जागा ३० बाइटची, आणि तीही रोमन लिपीच्या हिशेबानं.

देवनागरीला ती कुठून पुरणार? आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘पनवेल’ म्हणजे चार अक्षरं आणि एक मात्रा, एकूण १५ बाइट. ‘कर्नाळा’ २१! त्याहून मोठी गंमत ‘दऱ्याखोऱ्यां’मध्ये दडलेली आहे. हा ऱ्य दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेली चिन्हं निराळी असतात, त्यामुळे अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या साध्या शोधात एक सापडतं आणि दुसरं हुकतं. ‘आगरी’ आणि ‘आग्री’, ‘कर्नाळा’ आणि ‘करनाळा’ यांची तीच तऱ्हा. म्हणून स्कीमामध्ये ‘पर्यायी नाव’ असा वेगळा रकानाच आहे. आगरी-कोळी गाणी टाकणाऱ्यांनी तो कधीच रिकामा सोडू नये.

भाषेच्या रकान्यात मराठीची खूण आहे रोमन एम आणि आर ही दोन अक्षरं. वेबपेजवर ती दिलीत तर काही चांगले फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. मला हा सगळ्यात सुंदर मेटाडेटा वाटतो.

पॉडकास्टवाल्यांनी थोडं ‘गीतरामायणा’कडे बघावं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरुवात, एकूण ५६ गीतं, गदिमांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. आजच्या रकान्यांत हे किती चपखल बसतं! मालिकेचं नाव, भाग क्रमांक, प्रसारण तारीख, कवी, संगीतकार, गायक. पण आपण मात्र ‘एपिसोड ७ फायनल न्यू’ असं नाव देऊन मोकळे होतो.

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरं मिळतात. टॅगचा ढीग ओतायची गरज नाही, शोधात त्यांचा वाटा अगदी किरकोळ, असं यूट्यूबच सांगतं. त्यापेक्षा व्हिडिओचे चॅप्टर, म्हणजे वेळेनुसार तुकडे करा. कर्नाळ्याच्या ट्रेकमध्ये कुणाला पक्षी बघायचे असतात, कुणाला थेट सुळका. वर्णनात वेळा लिहायच्या: पहिली ००:०० च हवी, किमान तीन हव्यात, चढत्या क्रमानं, आणि प्रत्येक तुकडा निदान १० सेकंदांचा.

पॉडकास्टच्या फीडमध्ये आता स्थळाचीही खूण देता येते, अक्षांश-रेखांशासकट. पनवेलचे आकडे साधारण १८.९९ उत्तर आणि ७३.११ पूर्व. पण इथे बरेच जण गडबडतात. ही खूण मुळात विषयाच्या जागेसाठी आहे, माइकच्या जागेसाठी नाही. पनवेलच्या खोलीत बसून रायगड किल्ल्याविषयी बोललात, तर आकडे किल्ल्याचे टाका.