एच-इंडेक्स चाळीस, म्हणजे नेमके काय?

वढूच्या वहीपासून सायटेशनपर्यंत

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. आरोग्य संशोधकांना ते आणखी एका कारणाने माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची नोंद ठेवत आले आहे. घरात कोण जन्मले, कोण वारले, कोण राहायला आले, कोण गाव सोडून गेले, हे कार्यकर्ते घरोघर जाऊन टिपतात. त्यावर शोधनिबंध लिहिले जातात. पुढे दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्यातल्या एखाद्याचा हवाला दिला, की मूळ निबंधाच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते.

एच-इंडेक्सचा हिशेब

२००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका संशोधकाची सायटेशन मोजायला एच-इंडेक्स हे माप सुचवले. सगळे निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा आकडे ३०, १८, ६, ४, २ असे आहेत. चौथ्या निबंधाला किमान चार सायटेशन आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. चाळीस असेल, तर चाळीस निबंधांना प्रत्येकी किमान चाळीस सायटेशन.

यातली गोम अशी, की पहिल्या निबंधाला ३० ऐवजी ३,००० सायटेशन मिळाली तरी उत्तर ४ च राहते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले २००४ मधले एक पान घ्या. फोटोत शेजारी शेजारी उभ्या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का गाठतो, हा प्रश्न त्या एका फोटोने डॉक्टरांपुढे ठेवला. एच-इंडेक्समध्ये अशा पानाने भर पडून पडणार एकाचीच.

शिवाय सायटेशन मोजणाऱ्या सेवांपैकी गूगल स्कॉलर प्रबंधसुद्धा धरते, स्कोपस निवडक प्रकाशनेच. त्यामुळे एकाच माणसाचे दोन आकडे निघतात. कुठला आकडा आहे ते आधी विचारावे.

सहकार्य: नावांची रांग वाचा

वैद्यकीय निबंधात साधारणपणे पहिले नाव प्रत्यक्ष राबणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. जगभरच्या रोगांचा ताळेबंद मांडणाऱ्या निबंधांना शेकडो लेखक असतात. मधल्या गर्दीतल्या प्रत्येकालाही सगळी सायटेशन पूर्ण मिळतात. नुसत्या बेरजेवर माझा विश्वास नाही तो म्हणूनच.

परदेशी सहलेखक किती, यापेक्षा ते किती वर्षे टिकले हे पाहावे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात याज्ञिकांबरोबर साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल होत्या, आणि गर्भात असलेल्या बाळांचा माग ती तरुण होईपर्यंत घेतला गेला. याउलट माहिती गावची आणि पहिले-शेवटचे नाव नेहमी बाहेरचेच, असेही घडते. आकड्यात दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.

‘पाटील एस.’ कोण?

आपल्याकडचा खास घोळ नावांचा. संगणकाला संजय पाटील, सुनीता पाटील आणि सचिन पाटील हे तिघेही ‘पाटील एस.’ दिसू शकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम तर दोन खात्यांत विभागले जाते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किड हा स्वतःचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तोही फुकट. शिरूर-दौंडकडून संशोधनाला लागणाऱ्या मुलींनी पहिला निबंध पाठवण्याआधीच तो काढून ठेवावा.