जोडा कोणाचा, पगडी कोणाची

आमच्या माळ्यावर एक गोल डबा आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो दरवर्षी खाली येतो. त्यात आजोबांची पगडी आहे. आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. अंगरखा, उपरणे आणि पगडी यांवाचून त्यांनी कधी कचेरीची पायरी चढली नाही. डब्यातल्या डांबरगोळ्या बदलणे हे माझ्याकडचे काम. यंदा ते करताना एक जुनी गोष्ट आठवली आणि हात थांबला. ती शेवटी सांगेन. स्वतःची चूक सांगण्याआधी दुसऱ्यांच्या चार सांगून घेतल्या की माणसाला जरा धीर येतो!

आजोबा एक प्रसंग नेहमी सांगत. एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कागद घेऊन जायचे होते. बरोबर एक तरुण कारकून होता. पायरीशी येताच शिपायाने आजोबांच्या पुणेरी जोड्याकडे बोट दाखविले. जोडा बाहेर राहिला आणि आजोबा अनवाणी आत गेले. कारकुनाच्या पायात विलायती बूट होते. त्याला कोणी हटकले नाही. "अरे, धूळ दोघांच्याही पायांना सारखीच होती," असे म्हणून आजोबा हसत. त्या हसण्याखाली काय दडले होते, ते कळायला मला फार वर्षे लागली.

ही काही एकट्या साहेबाची लहर नव्हे. डलहौसीच्या अमदानीत, १८५४ साली, विलायती पद्धतीचे बूट घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना सरकारी समारंभांत ते न काढण्याची सवलत मिळाली. देशी जोडा मात्र बाहेरच. आता वडीलधाऱ्यांपुढे जोडा काढणे ही आपलीच रीत. तिचे दुःख कोणाला नव्हते. दुःख होते ते याचे, की आदर कोणी दाखवायचा आणि कोणी नुसताच घ्यायचा, हे पायातल्या चामड्यावरून ठरू लागले.

आपल्या सयाजीराव महाराजांनाही हा अनुभव चुकला नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात ते साध्या पांढऱ्या पोशाखात, जडजवाहिरावाचून गेले आणि बादशहाला एकदाच लवून पाठ फिरवून परतले. विलायतेतील वृत्तपत्रांनी केवढे काहूर माजविले! पोशाख साधा होता, एवढेच असते तर कोणी लक्षही दिले नसते. पण तो साधेपणा एका हिंदी राजाच्या अंगावर होता, म्हणून त्यात राजद्रोह दिसला.

राजेरजवाड्यांचे सोडा. पोटासाठी नोकरी करणाऱ्याचे काय होते, ते इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी दिसले. तिथे तरसेमसिंग संधू नावाचे एक शीख गृहस्थ नगरपालिकेच्या बसवर ड्रायव्हर होते. नोकरी धरली तेव्हा ते दाढी करीत आणि खात्याची टोपी घालीत. १९६७ साली आजारपणाच्या रजेवरून परतले ते दाढी राखून, पगडी बांधून. त्यांना घरी पाठविण्यात आले. कारण काय, तर नियमात दाढी बसत नाही आणि टोपीऐवजी पगडी चालत नाही. गाडी हाकण्यात त्यांची काही कसूर झाली, अशी तक्रार नव्हती.

पुढे दोन वर्षे हा तंटा चालला. हजारो शिखांनी मोर्चे काढले. त्याच गावाचे एक खासदार ईनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये परदेशांतून येऊन वसणाऱ्यांविरुद्ध जे जहरी भाषण केले, त्यातही शिखांच्या या हट्टावर ताशेरे होते. अखेर सोहनसिंग जॉली या पुढाऱ्याने आत्मदहनाचा इशारा दिला, तेव्हा कुठे ९ एप्रिल १९६९ रोजी नगरपालिकेने बंदी उठविली.

गंमत पाहा. दोन महायुद्धांत हेच शीख पगडी बांधून इंग्रजांच्या बाजूने लढले, मेले. तेव्हा त्या पगडीने शिस्त बिघडली नाही. उलट तोच त्यांचा गणवेश होता. खंदकात जी पगडी शोभली, ती बसमध्ये खुपली. कापड तेच होते. फरक एवढाच, की लढाईतला शीख दूर देशी मरायला जात होता आणि बसवरचा शीख शेजारी राहायला आला होता.

कायद्याला हे उमगायला १९८३ साल उजाडले. पगडीमुळे एका शीख मुलाला शाळेत प्रवेश नाकारला, त्या खटल्यात लॉर्ड्स सभेने निकाल दिला की शीख हा वंशभेदाच्या कायद्याने संरक्षिलेला समाज आहे आणि सर्वांना सारखा दिसणारा पोशाखाचा नियमही त्याच्यावर अन्याय करू शकतो. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या केसांच्या ठेवणीवरून नोकरीत भेद करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला तो तर २०१९ साली.

इथवर वाचून आपण साहेबाला मनसोक्त नावे ठेवली असतील. मीही ठेवीत असे. आता माझी गोष्ट.

१९९४ सालचा पावसाळा. एका कचेरीत हिशेबनिसाची जागा भरायची होती. निवड करायला आम्ही तिघे बसलो होतो. तिघेही चांगल्या घरचे. छोटा उदेपूरकडून एक आदिवासी मुलगा आला. रंगाने काळा, अंगात मापापेक्षा मोठा, उसना वाटावा असा सदरा, पायात रबरी चपला. पावले चिखलाने माखलेली. प्रश्नांची उत्तरे त्याने नेमकी दिली. एका ताळेबंदातली चूक तर आमच्या आधी त्याने हेरली. तो गेला आणि आमच्यापैकी एकाने नुसते चपलांच्या डागांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. मी शेरा लिहिला : "राहणी कचेरीस साजेशी नाही."

त्यानंतर आला तो आमच्याच ओळखीतला मुलगा. पावसात बुटाचा तळ सुटला म्हणून तोही रबरी चपलाच घालून आला होता. आम्ही हसलो. "अरे, किती भिजलास! बस, आधी चहा घे," असे मीच म्हणालो. त्याच्या उत्तरांपैकी निम्मी चुकली. जागा त्याला मिळाली.

चिखल दोघांच्याही पायांना सारखाच होता.

त्या पहिल्या मुलाचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. मी कधी चौकशी केली नाही, हेही खरे. आजोबांना पायरीशी अडविणाऱ्या त्या शिपायाचा मला लहानपणी फार राग येई. पण त्याला निदान वरून हुकूम होता. मला कोणाचा हुकूम होता?

आपल्या घरांतली पुष्कळ मंडळी आजही शाळा, पेढ्या, कचेऱ्यांतून माणसे निवडायला बसतात. नीटनेटकेपणा पाहू नये, असे मी म्हणत नाही. पण शेरा लिहिण्यापूर्वी मनाशी एकदा विचारावे : हाच सदरा, हीच चप्पल माझ्या भाच्याने घातली असती, तर मी काय लिहिले असते?

पगडी पुन्हा डब्यात ठेवली आहे. या वेळी नातवाला जवळ बसवून आजोबांच्या जोड्याची गोष्ट सांगितली आणि तिच्या पाठोपाठ माझीही. त्याने विचारले, "मग त्याला परत का नाही बोलावलं?"