शस्त्रक्रियेच्या आधी: गडचिरोलीतील कंबरदुखी आणि सायटिका

शेवटच्या बरगडीखालपासून नितंबाच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात होणारे दुखणे म्हणजे कंबरदुखी. तीच कळ नितंबातून मांडीच्या मागच्या किंवा बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली, पोटरीत आणि पावलापर्यंत उतरू लागली की तिला सायटिका म्हणतात. कंबरेतील पाच मणक्यांमध्ये चकत्या असतात. प्रत्येक चकतीचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कड्याला चीर पडून गर बाहेर आला की शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो आणि तेथे दाहही होतो. हे बहुधा शेवटच्या दोन चकत्यांमध्ये घडते, कारण शरीराचा सर्वाधिक भार त्यांच्यावरच असतो. बोस्टनमधील मिक्सटर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये हा संबंध स्पष्ट केला. त्यानंतर सायटिका म्हणजे चकतीची शस्त्रक्रिया असे समीकरण अनेक दशके रूढ झाले. गेल्या तीस वर्षांतील अभ्यासांनी ते बरेच सैल केले आहे.

साध्या कंबरदुखीत, म्हणजे दर दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत, एका विशिष्ट हाडाकडे किंवा चकतीकडे बोट दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, बंध, कामाचा ताण, झोप आणि मनावरचे ओझे असे सगळे त्यात मिसळलेले असते. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला अपंगत्वात जगायला लावणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात हे दुखणे कामाच्या चक्राशी बांधलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून उकिडवे बसून किंवा वाकून मोहफुले वेचली जातात. उन्हाळा तापला की तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. पावसाळ्यात चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून धानाची रोवणी चालते, दिवाळीच्या आसपास कापणी, मग भारे वाहणे आणि चुरणे. मधल्या काळात बांबूतोड आणि डोक्यावरून सरपणाच्या मोळ्या असतातच. चंद्रपूरकडे कोळसा खाणींतील डंपर आणि अवजड वाहने चालवणाऱ्यांच्या कंबरेला तासन्‌तास हादरे बसतात. वाकणे, वाकून वळणे, जड उचलणे आणि हादरे हे कंबरदुखीशी जोडले गेलेले चारही ताण या दोन जिल्ह्यांच्या मजुरीत आढळतात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने या दुखण्याकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्या सहभागाने संस्थेच्या संशोधकांनी गावांत घरोघरी पाहणी केली. कंबर, पाठ आणि हातपाय दुखणे किती पसरले आहे आणि ग्रामीण समाज त्यावरील उपायाची कशी वाट पाहत आहे, हे सांगणारा त्यांचा निबंध २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थेच्या शोधग्राम परिसरातील मा दंतेश्वरी दवाखान्यात मणक्याच्या रुग्णांसाठी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांची शिबिरेही भरतात. पण शिबिरातील शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याची गरज थोड्यांनाच असते. उरलेल्यांचा उपचार गावाजवळ होऊ शकतो. त्यासाठी आधी कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणाला नाही, ही निवड नीट व्हावी लागते.

धोक्याची लक्षणे

काही लक्षणे दिसली तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील ताकद झपाट्याने कमी होणे, ही मणक्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर मोठा दाब आल्याची खूण आहे. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो ४८ तासांच्या आत, तितकी लघवीवरचा ताबा परत येण्याची आशा जास्त. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्यामुळे ही लक्षणे आशा कार्यकर्तीला आणि उपकेंद्रातील परिचारिकेला तोंडपाठ असणे तेथे फार महत्त्वाचे ठरते. एका पायाचे पाऊल अचानक लुळे पडून चालताना घासू लागले, तरीही रुग्णाला तातडीने पुढे पाठवावे लागते.

संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासावा लागतो. हाडांच्या क्षयरोगात सर्वाधिक वेळा मणकाच सापडतो. तो लवकर ओळखला तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळणारी औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतली की तो बरा होतो.

विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरता येत नाही. सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात कंबर असह्य दुखते. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते. ही कळ जांघेतून मांडीत उतरते आणि सायटिका समजली जाते. झोपवून मांडी आत-बाहेर फिरवली असता जांघेत कळ आली, तर दोष खुब्याचा असण्याची शक्यता अधिक. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिणाऱ्याचा कणा ताठर होत जातो. तेथे गोळ्यांबरोबर पाण्याचा स्रोतही बदलावा लागतो. कर्करोगाचा पूर्वेतिहास, पडण्याचा मोठा अपघात, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे आणि उतारवयात प्रथमच सुरू झालेली तीव्र कंबरदुखी हीदेखील डॉक्टरांकडे लवकर जाण्याची कारणे आहेत.

तपासणी आणि एमआरआय

सायटिका ओळखायला पहिल्या दिवशी यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली तर मज्जातंतूचे मूळ दुखावल्याचा अंदाज येतो. टाचांवर चालता येते का, चवड्यांवर चालता येते का, पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का आणि पावलाच्या कोणत्या भागाला स्पर्श कमी कळतो, एवढ्यावरून कोणते मूळ दाबले आहे हे बहुधा समजते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सारे काही मिनिटांत होते.

धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआयने उपचार सहसा बदलत नाही, उलट भीती वाढते. कंबर दुखत नसलेल्या लोकांची छायाचित्रे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के निरोगी माणसांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य कागदावर खरे असले तरी दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही. लक्षणे, तपासणी आणि छायाचित्र ही तिन्ही एकाच मुळाकडे बोट दाखवत असतील तरच एमआरआयचा निष्कर्ष उपयोगी. म्हणून ही तपासणी शस्त्रक्रियेचा किंवा मणक्यातील इंजेक्शनचा विचार सुरू झाल्यावरच करणे योग्य.

पहिले सहा आठवडे

साधी कंबरदुखी बहुतेकांत चार ते सहा आठवड्यांत बरीच ओसरते. चकतीमुळे झालेल्या सायटिकाला सहा ते बारा आठवडे लागतात. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि मोठ्या तुकड्यांच्या बाबतीतही हे घडते.

या काळात पूर्ण विश्रांती घ्यावी ही जुनी समजूत आता टिकत नाही. हेलसिंकीत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दिवस अंथरुणावर पडून राहणारे, ठरावीक व्यायाम करणारे आणि झेपेल तसे रोजचे काम चालू ठेवणारे अशा तीन गटांची तुलना झाली. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. कळ फार असेल तर एखाद-दोन दिवस पडून राहायला हरकत नाही, पण त्यानंतर घरात, मग अंगणात आणि मग गावात चालणे वाढवत न्यावे. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घेतली, किंवा उताणे झोपून गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी ठेवली, तर आराम पडतो. लाकडी फळीवर झोपण्याचा सल्ला सरसकट बरोबर नाही. २००३ मध्ये स्पेनमध्ये झालेल्या चाचणीत फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. सहन होईल असा गरम शेक स्नायूंची आखड कमी करतो. तापल्या लोखंडाने डाग देण्यापासून मात्र फक्त भाजल्याची जखम मिळते.

औषधे

कळ तीव्र असताना आयबुप्रोफेनच्या वर्गातील दाहशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी, जेवणानंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. त्यांनी पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर भार पडतो. तेंदूच्या हंगामात उन्हाने अंगातले पाणी कमी झालेल्या मजुराला, सिकलसेलच्या रुग्णाला, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला आणि गरोदर स्त्रीला त्या विशेष जपून द्याव्या लागतात. कंबरदुखीबरोबर ताप असेल तर आधी हिवताप आणि डेंग्यू तपासावेत. डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असले तरी ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या मोठ्या चाचणीत तीव्र कंबरदुखी लवकर बरी करण्यात ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. सायटिकासाठी सर्रास लिहिले जाणारे प्रीगाबालिन २०१७ च्या चाचणीत उपयोगी ठरले नाही. चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. अफूवर्गीय वेदनाशामकांचा फायदा थोडा आणि सवयीचा धोका मोठा. कंबरेसाठी सलाईन लावून घेण्याची पद्धत खेड्यांत रुळली आहे, पण मिठाच्या पाण्याने मज्जातंतूच्या मुळावरचा दाब हटत नाही. घटक माहीत नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. दोन दिवस बरे वाटते, पुढे साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात.

व्यायाम, मालिश आणि पट्टा

दुखणे तीन महिन्यांहून जास्त टिकले तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. अशा कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. रुग्णाला आजार समजावून सांगणे, व्यायाम, मालिश आणि हाताने केले जाणारे काही मणक्याचे उपचार, मानसोपचारातील वर्तनपद्धती आणि दाहशामक औषधे यांना तिने मान्यता दिली. कंबरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे, अल्ट्रासाउंड आणि विजेचे शेक सरसकट वापरू नयेत असे तिने सांगितले. पट्टा बांधला की जोर आल्यासारखे वाटते, पण तो दीर्घकाळ वापरून दुखणे बरे होत असल्याचा पुरावा नाही.

व्यायामात एकच पद्धत सर्वश्रेष्ठ नाही. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलल्यावर पायातली कळ वर सरकून कंबरेपुरती राहत असेल, तर तो व्यायाम त्या रुग्णाला लागू पडतो. कळ आणखी खाली उतरत असेल तर तो थांबवावा. उताणे झोपून गुडघे वाकवून नितंब उचलणे आणि रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणे यांनी पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट होतात. उतारवयात मणक्यातील पोकळी अरुंद झाली असेल तर चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर हलके वाटते. अशांना मागे वाकण्याचे व्यायाम त्रास देतात.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे चालणे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत पोचण्याचे उद्दिष्ट आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत दुखणे परतण्याआधी मध्यतः २०८ दिवस गेले, इतरांत ११२.

कामातले बदल

मजुराला काम सोडायला सांगणे हा उपचार नव्हे, कारण रोजी बुडते. कामाची रीत मात्र बदलता येते. रोवणीत ठरावीक वेळाने सरळ उभे राहून काही क्षण मागे वाकणे, एकाच माणसाने दिवसभर वाकण्याऐवजी पऱ्हे खणणे, वाहणे आणि रोवणे आळीपाळीने करणे, निंदणीसाठी उभ्याने चालवायचे कोनोवीडर वापरणे, मोह वेचताना कंबरेऐवजी गुडघ्यांतून वाकणे आणि मधूनमधून उठणे, असे बदल फुकट किंवा थोड्या खर्चात होतात. धानाचा कट्टा किंवा मोळी उचलताना ओझे अंगाजवळ घ्यावे, उचलता उचलता कंबर वळवू नये आणि डोक्यावर चढवायला दुसऱ्याची मदत घ्यावी. बैठे काम करणाऱ्याने आणि वाहनचालकाने मधूनमधून उठून चार पावले टाकावीत.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

सहा आठवड्यांच्या नीट उपचारानंतरही पायातली कळ झोपू देत नसेल तर मज्जातंतूच्या मुळाभोवती स्टेरॉइडचे इंजेक्शन देता येते. ते यंत्राने पाहत, तज्ज्ञाच्या हातूनच घ्यायचे असते. त्याचा आराम काही आठवड्यांचा असतो. त्या काळात चालणे आणि व्यायाम वाढवले तर तो सार्थकी लागतो. पायात न उतरणाऱ्या साध्या कंबरदुखीसाठी ते नाही.

शस्त्रक्रिया नेमकी काय देते हे नेदरलँड्समधील २००७ च्या चाचणीतून कळते. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया सुचवली गेली, निम्म्यांना थांबून उपचार दिले गेले. शस्त्रक्रियेच्या गटाला सावरायला मध्यतः चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण सावरले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे चकतीचा तुकडा काढल्याने पायाची कळ लवकर थांबते, पण थांबणाऱ्याचे वर्षाच्या हिशेबात सहसा नुकसान होत नाही. ताकद वाढत्या वेगाने कमी होत असेल किंवा सहा ते बारा आठवड्यांनंतरही कळ असह्य असेल आणि एमआरआय तिच्याशी जुळत असेल, तर शस्त्रक्रिया रास्त आहे. निव्वळ कंबर दुखते म्हणून मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र फार क्वचितच जागा आहे.

महाराष्ट्रातील जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शस्त्रक्रिया ठरली तर योजनेतील रुग्णालय कोणते, पूर्वमंजुरीला कोणती कागदपत्रे लागतात आणि सोबत कोण राहणार, हे निघण्यापूर्वी विचारून घेतले की नागपूरच्या खेपा वाचतात. शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा चालण्यापासूनच सुरुवात होते, ओझे उचलणे टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते आणि रोवणीला कधी जायचे हे पायातली ताकद पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते.