वाळवंटातील फिरते बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु प्रत्यक्ष विंचवांच्याच मुलखात, आपले बिऱ्हाड मोटारीच्या पाठीस जोडून पाच रात्री राहण्याचा योग आम्हांस गेल्या जानेवारीत आला. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेतील ऍरिझोना राज्यात फिनिक्स शहरी नोकरीस आहे. त्याने व त्याच्या पत्नीने आम्हांस कोफा नामक राखीव रानात नेले. तेथे वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. अशा ठिकाणी मनुष्याने कसे राहावे व कसे हिंडावे, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या व उंट डोळ्यांपुढे येतात. सोनोरा वाळवंटाचा हा भाग तसा नाही. येथे उघडे, करवतीसारखे दातेरी डोंगर, दगडगोट्यांची मैदाने व हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसणारे सग्वारो निवडुंग आहेत. मोठ्या शिंगांची रानमेंढरे हे येथील खरे रहिवासी. ती नाहीशी होऊ लागली, तेव्हा 1936 साली ऍरिझोनातील बालवीरांनी त्यांच्या रक्षणाची चळवळ केली व शाळाशाळांतून भित्तिपत्रकांच्या स्पर्धा भरविल्या. त्या खटपटीस यश येऊन 1939 च्या जानेवारीत हे रान राखीव झाले. त्याचा विस्तार साडेसहा लक्ष एकरांहून अधिक आहे. मुलांच्या हातून केवढे कार्य होऊ शकते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता बिऱ्हाडाकडे वळू. ट्रेलर म्हणजे मोटारीने ओढावयाची चाकांवरची खोली. तीत बिछाने, चूल, मोरी व शीतपेटी असते. छतावरील पत्रे सूर्यप्रकाशापासून वीज करतात व ती बॅटरीत साठते. शिशाच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक वीज वारंवार वापरल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून रात्री दिवा बेताने लावावा लागतो. शीतपेटी मात्र विजेवर नव्हे, तर गॅसच्या ज्योतीवर चालत होती. विस्तवाने थंडी कशी उत्पन्न व्हावी, असे कोणी विचारील. उष्णतेने अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वायुरूप होतो. तो निवून द्रव बनतो, आणि त्या द्रवाची पुन्हा वाफ होताना तो पेटीतील उष्णता शोषून घेतो. ओले अंग वाऱ्यावर थंड पडते, त्यातलाच हा प्रकार.

परंतु या साऱ्या संसाराचे मर्म पाण्यात आहे. आमच्या टाकीत 150 लिटर पाणी होते. माणसे तीन, दिवस पाच. दर माणशी रोज किमान 4 लिटर पिण्यास धरले, तर 60 लिटर त्यातच गेले. उरले 90, म्हणजे स्वयंपाक, भांडी व अंग पुसणे यांसाठी दर माणशी रोज अवघे 6 लिटर! घरी स्नानास आपण बादलीभर पाणी सहज ओततो. तेथे तेवढ्यात दोघांचे सर्व भागवावे लागले. सांडपाणीही जमिनीवर सोडावयाचे नसते. ते गाडीखालच्या निराळ्या टाकीत साठवून पुढे नेमलेल्या जागीच रिकामे करावे लागते.

मुक्कामाची जागा निवडतानाही पाण्याचाच विचार करावा लागतो. कोरड्या ओढ्याचे पात्र सपाट व सावलीचे असते, परंतु तेथे मुक्काम करू नये. दूर डोंगरात सर झाली की कठीण भूमीत पाणी न मुरता एकाएकी लोंढा येतो. येथे पाण्यावाचून मनुष्य मरतो, तसाच पाण्यात बुडूनही मरतो. शिवाय प्राण्यांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करण्यास मनाई आहे. मनुष्य जवळ असला तर बुजरे प्राणी पाण्यावर येत नाहीत, आणि त्यांस दुसरे पाणी कोठून मिळणार?

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही सिग्नल पीक या शिखराकडे निघालो. याची उंची 4,877 फूट. वर जाण्यास आखलेली वाट नाही. प्रत्येकापाशी 4 लिटर पाणी व खारे शेंगदाणे होते. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. आम्हांस तर घाम आलेलाच दिसेना; कोरड्या हवेत तो क्षणात वाळून जातो, आणि मनुष्य फसतो तो येथेच. शिखर समोर दिसू लागले, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने बाटल्या पाहून म्हटले, “सर, निम्मे पाणी संपले. आता परत फिरायचे.” आम्ही म्हणालो, “अरे, आता राहिले तरी किती?” तो हसून उत्तरला, “शाळेत घंटा झाल्यावरही आपण शिकवीत असा. येथे घंटा झाली की तास संपलाच!”

आम्ही मनातून खट्टू होऊन मागे वळलो. अर्ध्या उतारावर सैल दगडावरून आमचा पाय मुरगळला. मग विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकावे लागले, आणि चढणीस लागला त्याहून किती तरी अधिक वेळ उतरणीस लागला. ट्रेलरपाशी पोहोचलो तेव्हा तिघांत मिळून पेलाभर पाणी उरले होते. शिखरापर्यंत गेलो असतो तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखविले नाही. विद्यार्थ्याच्या पत्नीने मुकाट्याने तो पेला आमच्यापुढे केला.

निम्मे पाणी जाण्यास व निम्मे येण्यास, असा हिशेब आम्ही समजत होतो. तो अपुरा आहे. येताना संकट येईल, त्याचाही वाटा राखावा लागतो. म्हणून जाण्यापूर्वी आपली वाट व परतण्याची वेळ कोणास तरी सांगून ठेवावी, मोटार बंद पडल्यास ती सोडून भटकू नये, आणि परत फिरण्याची खूण निघण्यापूर्वीच ठरवावी. कारण शिखर दिसू लागले की बुद्धी आपली राहत नाही.

घरी परतल्यावर आम्ही नळ उघडला आणि क्षणभर तसेच उभे राहिलो. आमच्या दुष्काळी गावांतील ज्या माता डोक्यावर हंडे वाहतात, त्यांस हा हिशेब शिकविण्यास वाळवंट लागले नाही. आम्हांस मात्र तो वयाच्या चाळिशीनंतर, आपल्याच विद्यार्थ्यापाशी शिकावा लागला. आणि त्याबद्दल आम्हांस मुळीच कमीपणा वाटत नाही.